फिर्यादी भूत आणि तीन उंदीर

मंडळी, नमस्कार. आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत फार भारदस्त छापलंय: 'कोरियन ऐतिहासिक रहस्यकथांतला अमानुष मोह आणि नैतिक अधःपात'. नावाला घाबरू नका. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतल्यांना मध्येच उठून जायला हरकत नाही. कोरियन ऐतिहासिक रहस्यकथेत भूत हा फिर्यादी असतो. माणसाला बिघडवायला ते येत नाही. माणूस आधीच बिघडलेला असतो. जमिनीपायी, पदापायी, बहुतेकदा नुसत्या गप्प बसण्याच्या सवयीपायी. भूत मागाहून येतं, गाऱ्हाणं घेऊन येतं आणि येतं ते थेट कचेरीत.

हे दाखवायला मी तीन उंदीर आणलेत. पहिला चोल्सानचा.

चोल्सान म्हणजे आजच्या उत्तर कोरियाचा वायव्य कोपरा, पिवळ्या समुद्राच्या काठचा. काळ जोसॉन राजवटीचा. ही राजवट 1392 साली सुरू झाली आणि पाचशे वर्षं टिकली. कोरियन 'ऐतिहासिक' रहस्यकथा म्हटली की दहातल्या नऊ वेळा हाच काळ असतो. तर चोल्सानात बे आडनावाचा एक वजनदार गृहस्थ राहतो. गावातल्या कुलीन मंडळींची जी सभा असे, तिचा तो प्रमुख. या पदाला 'ज्वासू' म्हणत. पद लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पहिल्या बायकोपासून त्याला दोन मुली, जांगह्वा आणि होंगर्योन. बायको वारते. वंशाला दिवा हवा म्हणून बे दुसरं लग्न करतो. ही दुसरी बाई दिसते कशी, याचं वर्णन मूळ कथेत मोठ्या चवीनं केलंय. गाल हातभर लांब, डोळे पितळी घंटांसारखे, नाक मातीच्या मडक्यासारखं, तोंड मांगूर माशासारखं आणि केस डुकराचे राठ. तिला तीन मुलगे होतात.

पहिल्या बायकोची आठवण काढून काढून रडणाऱ्या बेच्या तोंडून एकदा निघून जातं की आपण मुळात गरीबच होतो, आज जे सुखाचे दोन घास खातोय ते पहिलीनं आणलेल्या धनावर. झालं. इथे ठिणगी पडते.

आता जरा कायद्याकडे वळू या, कारण ही कथा कायद्याशिवाय कळत नाही. जोसॉनचा मोठा कायदाग्रंथ 1485 साली अमलात आला. त्याप्रमाणे धर्मपत्नीच्या मुलामुलींना, हो, मुलींनाही, मालमत्तेत सारखा वाटा होता. आईचं स्वतःचं धन तिच्या पोटच्या लेकरांकडे जायचं; सावत्र मुलांच्या पदरात फार थोडं पडायचं. सतराव्या शतकापासून हा रिवाज हळूहळू मोडत गेला, मुलींचे वाटे आक्रसत गेले, थोरल्या मुलाचं माप जड होत गेलं. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर जांगह्वाचं लग्न होईल त्या दिवशी बेच्या घराचा पायाच तिच्याबरोबर सासरी निघणार होता. सावत्र आईनं हिशेब मांडला आणि तो बरोबर मांडला. तिचं तोंड माशासारखं नसतं, चाफेकळी नाक असतं, तरी बेरीज तीच आली असती. कथाकारानं तिला इतकी कुरूप का केली? माझ्या मते, आपलं लक्ष वहीखात्यावर जाऊ नये म्हणून.

ती एक मोठा उंदीर मारते, सोलते, रक्त माखते आणि झोपलेल्या जांगह्वाच्या अंथरुणात ठेवते. मग नवऱ्याला बोलावून पांघरूण दूर करते. बघा, तुमच्या कुमारिका लेकीनं गर्भ पाडला. बापाला घराण्याची अब्रू दिसते, मुलगी दिसत नाही. सावत्र भाऊ जांगस्वे रातोरात तिला आजोळी पोचवतो म्हणून नेतो आणि तळ्यात ढकलतो. तिथंच एक वाघ येऊन जांगस्वेचे कान, एक हात आणि एक पाय तोडून टाकतो. हा कथेतला सगळ्यात जलद न्याय. धाकटी होंगर्योन बहिणीच्या शोधात त्याच तळ्यात जीव देते.

आणि मग दोघी कचेरीत यायला लागतात. चोल्सानात नेमलेला प्रत्येक नवा अधिकारी त्यांना पाहून भीतीनं मरतो. सगळा तालुका ओसाड पडतो, कोणी बदली घेईना. शेवटी एक जण स्वतःहून ही जागा मागून घेतो. रात्री दिवा लावून वाचत बसतो. मुली येतात, तो पळत नाही, त्यांचं म्हणणं ऐकून घेतो आणि सकाळी बे नवराबायकोला बोलावतो.

इथून पुढचा भाग नीट ऐका. सावत्र आई तयारीनिशी येते. तो 'गर्भ' तिनं वाळवून जपून ठेवलेला असतो. ती तो टेबलावर ठेवते आणि आपला शूर अधिकारी गांगरतो! भुतानं सांगितलं खरं, पण पुरावा तर बाईच्या बाजूनं आहे. तो त्यांना घरी पाठवतो. भुताच्या शब्दावर शिक्षा देता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या रात्री मुली पुन्हा येतात, आणि या खेपेला रडगाणं गात नाहीत. त्या एवढंच सांगतात की त्या वस्तूचं पोट चिरून बघा. दुसऱ्या दिवशी भर कचेरीत सुरी चालते आणि आतून उंदराच्या लेंड्या निघतात.

मला हा प्रसंग जगातल्या कुठल्याही गुप्तहेरकथेपुढे ठेवायला लाज वाटणार नाही. मेलेल्या मुलींना सगळं माहीत आहे. स्वतःचा खून त्यांनी स्वतः पाहिलाय. तरीही त्यांना न्याय मिळतो तो लेंड्यांमुळे.

बाईला तुकडे तुकडे करून मारतात, जांगस्वेला फाशी. बापाला मात्र मुलींच्या विनंतीवरून सोडतात. तो पुन्हा लग्न करतो आणि त्या दोघी त्याच्याच पोटी पुन्हा जन्म घेतात, असा गोड शेवट पुष्कळ पाठांत आहे. मला तो गोड लागत नाही. ज्यानं चौकशीचा एक प्रश्न न विचारता लेकीला रात्री घराबाहेर काढलं, तो सुटतो कसा? सावत्र आईच्या अंगावर सगळं पाप घालून घराचा कर्ता धुतल्या तांदळासारखा बाहेर काढायचा, ही त्या समाजाची सोय होती. आपल्याला ती ओळखीची वाटत असेल तर तो योगायोग समजू नका.

कथेमागे खरं प्रकरण होतं असं मानतात. 1656 च्या सुमारास चॉन दोंग-हुल नावाचा अधिकारी चोल्सानात होता आणि त्यानं हा निवाडा केला, अशी हकीगत त्याच्या वंशजांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात आहे.

आता एक प्रश्न. आधीचे अधिकारी मेले कशानं? कथा म्हणते, धसक्यानं. पण जोसॉनचा कारभार कसा चाले ते पाहिलं की दुसरंही उत्तर सुचतं. अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मुलखात नेमत नसत, नातेवाइकांची कामं होऊ नयेत म्हणून. नियम चांगला, परिणाम उलटा. प्रत्येक साहेब उपरा. गावातले कारकून मात्र पिढीजात, त्यांना नेमका असा पगार नाही, म्हणजे पोट भरायचं ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या खिशातून. साहेब नवा, कारकून जुने. आणि साहेबाला गावातल्या बड्या घरांची नस दाखवायला कोण? ज्वासू. म्हणजे ज्याच्या आधारावर कारभार हाकायचा, नेमक्या त्याच माणसाच्या घरात प्रेत आहे. फिर्याद ऐकली तर गाव हातातून जातं. ऐकलीच नाही तर रात्री झोप लागत नाही. कथाकारानं या कोंडीला 'भीतीनं मेला' म्हटलं. मला ते अचूक वाटतं.

इथे कोणी म्हणेल, राज्य तर कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर चालणारं. त्या विद्वानांचा भुताखेतांवर विश्वास होता का? तोंडानं नव्हता. पण हेच राज्य प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर एक वेदी बांधून ठेवत असे, बेवारस आणि अकाली मेलेल्यांसाठी. वर्षातून तीनदा, वसंतात, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला आणि दहाव्या महिन्याच्या प्रतिपदेला, तिथे सरकारी खर्चानं अन्न वाढलं जायचं. कोणासाठी? तलवारीनं मेले त्यांच्यासाठी, दरोड्यात मेले त्यांच्यासाठी, अन्यायाच्या शिक्षेनं मेले त्यांच्यासाठी. अशी यादीच होती. आणि हा विधी करायचा कोणी? अधिकाऱ्यानं. आपली सर्वपित्री घरोघर असते, हिचं यजमानपद कचेरीकडे होतं. तेव्हा जांगह्वा अधिकाऱ्याकडे गेली यात नवल काय? तो तिच्या खात्याचाच माणूस.

आणि त्याच अधिकाऱ्याच्या हातात दुसरं एक पुस्तक होतं, प्रेताच्या तपासणीचं. 'मुवॉनरोक' हा मूळ चीनमधला, 1308 सालचा ग्रंथ. राजा सेजोंगच्या काळात, 1438 मध्ये, त्यावर कोरियन टीका तयार झाली, आणि पुढे अठराव्या शतकात त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. खून झाला की पहिली तपासणी त्या तालुक्याचा अधिकारी करी. दुसरी शेजारच्या तालुक्याचा, आणि या दुसऱ्यानं पहिल्याचा अहवाल बघायचा नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. दोन्ही अहवाल जुळले तर ठीक, नाहीतर तिसरी तपासणी.

विषाची परीक्षा कशी? चांदीची केसात खोवायची सळई घ्यायची. शिकेकाईसारख्या शेंगांच्या पाण्यानं धुवायची. प्रेताच्या घशात घालून तोंड कागदानं बंद करायचं. थोड्या वेळानं काढली की निळीकाळी झालेली असेल. पण एवढ्यावर भागत नाही. पुन्हा त्याच शेंगांच्या पाण्यानं धुवायची आणि तरी डाग गेला नाही तरच विष. दुसरी परीक्षा भाताच्या गोळ्याची: प्रेताच्या तोंडात तो काही वेळ ठेवायचा आणि मग कोंबडीला घालायचा. सुरीवरचं धुतलेलं रक्त शोधायचं तर पातं निखाऱ्यावर तापवून त्यावर कडक व्हिनेगर ओतायचं. आजच्या रसायनशास्त्राला यातलं सगळं पटणार नाही. कुजणाऱ्या प्रेतातल्या गंधकाच्या वायूनंही चांदी काळी पडते. पण आजचा कादंबरीकार या सळईवर जीव टाकतो, आणि का टाकतो हे उघड आहे. सळई निर्जीव आहे, तिला लाच देता येत नाही. ती धरणाऱ्या हाताला देता येते.

स्त्रीच्या प्रेताला पुरुष अधिकाऱ्यानं हात लावायचा नाही, म्हणून पोलीस कचेरीत 'दामो' नावाच्या दासी ठेवलेल्या असत. कामाचं नाव चहा करणारी, काम मात्र बायकांच्या घरात शिरून झडती घेण्याचंही. गेल्या वीसेक वर्षांत कोरियन मालिकांनी आणि परदेशी स्थायिक झालेल्या कोरियन लेखिकांनी या दामोंना नायिका केलं. फार योग्य केलं. सगळं दिसतं पण बोलायचा अधिकार नाही, अशी व्यक्ती रहस्यकथेला सोन्यासारखी.

जोंग याक-योंग या थोर विद्वानानं 1822 मध्ये खुनाच्या खटल्यांवर तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. अठरा वर्षं हद्दपारीत काढलेला माणूस. त्याची तक्रार अशी की आमचे विद्वान जन्मभर कविता घोकतात, मग एक दिवस अधिकारी होतात, समोर प्रेत येतं तेव्हा हात थरथरतात आणि सगळं धूर्त कारकुनांच्या हाती जातं. त्याच्या ग्रंथात भूत नाही. पण ते कचेरीत का यायला लागलं, हे तो वाचून कळतं.

आरांगची कथा याच साच्यातली, म्हणून झटकन सांगतो. दक्षिणेत मिर्यांग गावी अधिकाऱ्याची मुलगी. फितवलेली दाई तिला चांदणं बघायला नदीकाठच्या मंडपात नेते, तिथे कचेरीतलाच एक हलका नोकर अतिप्रसंग करू पाहतो, ती नकार देते, तो मारतो. बापाला वाटतं पोरगी पळाली. तो मान खाली घालून नोकरी सोडतो. पुढचे अधिकारी पहिल्याच रात्री मरतात. शेवटच्याला आरांग सांगते की उद्या सगळ्या नोकरांना गोळा करा, मी फुलपाखरू होऊन गुन्हेगाराच्या टोपीवर बसेन. मिर्यांगमध्ये तिचं देऊळ आजही आहे. पण रहस्यकथा म्हणून मला ही चोल्सानपेक्षा कच्ची वाटते. फुलपाखरू बसलं की प्रकरण संपलं. कुठे त्या लेंड्या आणि कुठे हे फुलपाखरू!

मग मोह कुठाय, असं तुम्ही विचाराल. पत्रिकेत तर छापलंय. आहे, लोककथांत भरपूर आहे. कोरियात 'दोक्केबी' नावाचा एक वात्रट प्राणी आहे. आपल्या कोकणातल्या काही जागेवाल्यांशी त्याचं जमेल. कुस्ती खेळायला आणि दारू प्यायला त्याला आवडतं. त्याची टोपी घातली की माणूस दिसेनासा होतो. ही टोपी एका गरिबाच्या हाती लागते. पहिल्या दिवशी तो गंमत करतो, दुसऱ्या दिवशी बाजारातून चिमूटभर काही उचलतो, मग घरदार भरतो. दोक्केबीनं त्याला चोरी कर असं सांगितलेलं नाही. तो फक्त टोपी देऊन निघून गेलाय! एक दिवस चिलमीची ठिणगी पडून टोपीला भोक पडतं. बायको लाल कापडाचं ठिगळ लावते. आणि बाजारात लोकांच्या लक्षात येतं: हवेत एक लाल ठिपका तरंगत येतो आणि तो गेला की माल गायब झालेला असतो. पुढच्या वेळी ठिपका दिसताच दहा जण त्यावर झडप घालतात. बघा, मोहही त्यात आहे, पुरावाही आहे, आणि पुरावा पुन्हा घरातल्याच सुईदोऱ्यातून आलाय.

कोल्हिणीची कथा जास्त अवघड आहे. पाठशाळेत जाणाऱ्या मुलाला वाटेत रोज एक सुंदर मुलगी भेटते, चुंबन घेताना एक मणी त्याच्या तोंडात सरकवते आणि परत घेते. मुलगा दिवसेंदिवस सुकत जातो. गुरुजी ओळखतात आणि सांगतात, आज तो मणी गिळ आणि लगेच आकाशाकडे बघ, म्हणजे आकाशातलं सगळं ज्ञान तुला होईल. मुलगा गिळतो, पण गडबडीत जमिनीकडे बघतो. त्याला पृथ्वीवरचं सगळं कळतं, वरचं काहीच नाही. मला या कथेत कोल्हिणीपेक्षा गुरुजी जास्त मोहात पाडणारे वाटतात. विद्येसाठी दुसऱ्याचा प्राण गिळायला तेच सांगतात ना? पुढे पडद्यावर या कोल्हिणीचं फार झालं. नऊ शेपट्या, काळजं खाणारी, पुरुषाला नादी लावणारी बाई. तिथे मात्र दोष बाहेरच्या शक्तीवर ढकलून पुरुष मोकळा होतो, आणि म्हणून त्या कथा मला रहस्यकथा म्हणून पांगळ्या वाटतात.

दुसरा उंदीर खरा आहे. दप्तरात नोंदलेला.

1527 साल. गादीवर जुंगजोंग. युवराजाच्या महालाजवळच्या झाडाला एक उंदीर टांगलेला सापडला. हातपाय आणि शेपूट छाटलेली, तोंड-कान-डोळे डागलेले. युवराजाचा जन्म कोरियन पंचांगाप्रमाणे डुकराच्या वर्षातला, आणि तशा अवस्थेत उंदीर डुकरासारखा दिसत होता. म्हणजे युवराजावर करणी! संशय गेला राजाच्या लाडक्या उपराणीवर, पार्क घराण्यातल्या. कारण तिला मुलगा होता, आणि युवराज मेला तर फायदा तिचा. दासींचे हाल हाल केले. ठोस काही निघालं नाही. तरी उपराणी आणि तिचा मुलगा दोघांना राजवाड्यातून हाकललं, आणि 1533 मध्ये आणखी एका करणीच्या बाहुलीचं निमित्त होऊन दोघांना विष पाजलं. आणि पुढे बोट वळलं ते भलतीकडेच. किम आन-रो हा बडा दरबारी त्या वेळी हद्दपारीत होता. त्याचा मुलगा राजाचा जावई. त्यानं बापाला परत आणण्यासाठी हा उंदीर टांगला, असं इतिहासात नोंदलं गेलं. किम आन-रो परत आला, सत्तेवर चढला आणि 1537 मध्ये त्यालाही विषाचा पेला मिळाला.

दोन उंदीर शेजारी ठेवून बघा. चोल्सानात उंदराचं पोट चिरलं गेलं. राजवाड्यात कोणी चिरलं नाही. तिथे दासींची कातडी सोलली. दरबारात अमानुष शक्तीचा उपयोग फिर्यादीसाठी होत नव्हता, आरोपासाठी होत होता. असंच 1701 मध्ये. राणी इन्ह्योन आजारपणात वारली आणि उपराणी जांग हुइबिननं गुपचूप देव्हारा मांडून तिच्यावर करणी केली, असं ठरलं. राजा सुकजोंगनं जांगला विष घ्यायला लावलं आणि पुढे कुठल्याही उपराणीला पट्टराणी करायचं नाही असा हुकूम काढला. जांग हुइबिनवर इतक्या मालिका निघाल्यात की कोरियात प्रत्येक पिढीची आपली एक जांग हुइबिन असते. तिनं खरंच देव्हारा मांडला असेलही. पण करणीचा गुन्हा दरबाराला इतका सोयीचा का, तर त्याला प्रेत लागत नाही, सळई लागत नाही, दुसरी तपासणी लागत नाही.

याच जुंगजोंगच्या काळातली आणखी एक गोष्ट. 1511 मध्ये छे सू नावाच्या विद्वान अधिकाऱ्याची एक कथा हातोहात फिरू लागली. सोल गोंग-छान नावाचा तरुण मरतो, त्याचं भूत चुलत भावाच्या अंगात येतं आणि परलोकाचा वृत्तांत सांगतं. तिथे बाई असली तरी लिहितावाचता येत असेल तर तिला पद मिळतं. आणि इथे राजा असला, तरी त्यानं गादी बंडानं बळकावली असेल तर तिथे तो नरकात जातो. आता आठवा, जुंगजोंग गादीवर कसा आला? 1506 मध्ये सावत्र भाऊ योनसानगुनला उठावानं खाली खेचून. आणि छे सू स्वतः त्या उठावाच्या मानकऱ्यांत होता! दरबारातल्या काहींनी त्याला फाशी द्या म्हटलं. राजानं पदावरून काढलं आणि पोथ्या जाळायचा हुकूम दिला. कथा संपली असं चारेकशे वर्षांहून जास्त काळ वाटत होतं. 1990 च्या दशकात तिचा एक तुकडा सापडला, सोळाव्या शतकातल्या एका रोजनिशीच्या दुमडलेल्या पानांच्या आतल्या बाजूला, कोरियन लिपीत उतरवून ठेवलेला. कोरियन कल्पनेतला परलोक चालवणारी मंडळी कोण, तर बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेला आपलाच यमराज आणि त्याचे सहकारी, एकूण दहा न्यायाधीश. मेल्यावरही कचेरी सुटत नाही.

आता आजच्या काळात येतो. ऐतिहासिक रहस्यकथांना कोरियात 1990 नंतर बहर आला, त्याचं एक साधं कारण आहे. जोसॉन राजवंशाची दप्तरं अभिजात चिनी भाषेत होती. त्यांचं कोरियन भाषांतर 1993 मध्ये पुरं झालं, 1995 मध्ये सीडीवर आलं आणि पुढे इंटरनेटवर सगळ्यांना फुकट. जो उंदीर पंडितांच्या कपाटात होता, तो कादंबरीकाराच्या टेबलावर आला. त्याआधी थोडीच वर्षं, 1987 मध्ये, लोकांनी रस्त्यावर उतरून लष्करी सत्तेला नमवलं होतं. दडपलेली प्रकरणं उकरण्याची भूक होतीच.

या सगळ्यात एका चित्रपटावर जरा थांबतो. 'रक्ताचे अश्रू', 2005 चा. काळ 1808, जागा कागद बनवणारं एक बेट. पाच दिवसांत पाच खून, प्रत्येक वेगळ्या रीतीनं. बेटावर कुजबूज की सात वर्षांपूर्वी देहदंड दिलेल्या कांग व्यापाऱ्याचं भूत आलं. सात वर्षांपूर्वी म्हणजे 1801, कॅथलिकांची मोठी धरपकड झाली ते साल. कांग कॅथलिक आहे अशी चुगली पाच जणांनी केली होती, आणि त्याच्या कुटुंबातल्या पाच जणांना पाच रीतींनी मारलं होतं. तपासाला आलेला अधिकारी हुशार आहे, शास्त्रीय आहे, भूत मानत नाही. खुनी माणूसच आहे हे तो सिद्ध करतो. पण शोध घेता घेता त्याला दिसतं की कांगला शिक्षा सुनावणारा त्याचा स्वतःचा बाप होता. आणि बेटावरचा एकूण एक माणूस तेव्हा गप्प उभा होता. शेवटी खरोखरच आकाशातून रक्त पडतं आणि भ्यालेली ती गर्दी उरलेल्या एका चुगलखोराला ठार मारायला धावते, जणू त्याला संपवलं की आपण सुटलो. चित्रपट जरा भडक आहे, रक्त गरजेपेक्षा जास्त आहे. पण चोल्सानात सुटलेल्या बापाची बाकी इथे वसूल झाल्यासारखी वाटते.

'किंगडम' ही कोरियन मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टाळेबंदीत पाहिली असेल. तिथे मेलेल्या राजाला एका वनस्पतीनं उठवतात, का, तर राणीला मुलगा होईपर्यंत गादी राणीच्या बापाच्या हाती राहावी म्हणून. ती वनस्पती म्हणजे दोक्केबीची टोपीच. पुढच्या सत्रात कळतं की युद्धात तिचा पहिला वापर गावातल्या रोगी माणसांवर झाला होता, आणि तो करताना एका सज्जन सेनापतीनंही मान्यता दिली होती. धावणारे मुडदे विसरा. त्या सेनापतीचा होकार लक्षात राहतो.

तिसरा उंदीर शेवटाला ठेवला, कारण तो माझ्या म्हणण्याला अडचणीचा आहे.

एका घरचा मुलगा शिकायला डोंगरातल्या मठात जातो. तिथे नखं कापून इकडेतिकडे टाकतो. आपल्याकडेही आजी ओरडायच्या ना, नखं टाकू नका, रात्री कापू नका. कोरियातही हे असंच आहे. ती नखं एक उंदीर खातो. शिक्षण पुरं करून मुलगा घरी येतो तर दारात तोच उभा! तेच तोंड, तोच आवाज. आईबाप, बायको, कोणालाच ओळखता येईना. प्रकरण कचेरीत जातं. अधिकारी प्रामाणिक आहे, लाच घेतलेली नाही, नियमाप्रमाणे पुरावा मागतो. घरात वाट्या किती? चमचे किती? धान्याच्या कोठारात काय आहे? खरा मुलगा पुस्तकांत डोकं घालून बसलेला, त्याला काय ठाऊक. उंदीर मात्र वर्षानुवर्षं त्याच कोठारात राहिलेला. तो चमचान्‌चमचा सांगतो. निकाल उंदराच्या बाजूनं लागतो आणि खऱ्याला मारून हाकलून देतात.

इथे कोणी फिर्यादी भूत आलं नाही, पोट चिरून बघा म्हणणारं कोणी नव्हतं, आणि पुरावा सगळा पक्का होता. मुलगा भटकत भटकत पुन्हा डोंगरात जातो आणि एक बौद्ध भिक्षू त्याला सांगतो, घरी जाताना मांजर घेऊन जा. जोसॉनच्या बहुतेक काळात या भिक्षूंना राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकायला सरकारी बंदी होती.